स्कॅनरची पारख

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

कागदावरचे चित्र माणसासारखेच म्हातारे होते. भिंतीवरच्या तसबिरीतली पणजी दर पावसाळ्यागणिक थोडी थोडी पुसट होत जाते. काचेला आतून चिकटलेल्या फोटोवर बुरशीचे ठिपके उमटतात. मग एके दिवशी घरातला कोणी तरुण ती तसबीर खाली उतरवतो आणि म्हणतो, ‘हिची एक प्रत करून ठेवू या.’ प्रत करण्याचा निर्णय सोपा आहे. ती प्रत खरी उतरणे मात्र सोपे नाही. पुष्कळदा असे घडते की, प्रत झाली म्हणजे मूळ तसबिरीची कोणी वास्तपुस्त करीत नाही. ती माळ्यावर जाते, वाळवीच्या तोंडी पडते, आणि पुढच्या पिढीच्या हाती उरते ती केवळ प्रत. ती प्रत खोटी असेल तर पणजीचा चेहराही कायमचा खोटा ठरतो. म्हणूनच ज्या यंत्राने ही प्रत घ्यावयाची त्याची पारख हा केवळ यंत्रज्ञांचा विषय नव्हे.

वेळही फार नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांतले कित्येक रंगीत फोटो, पेटीत अंधारात जपून ठेवले असताही, तांबूस पडले आहेत. कारण त्यांतील निळसर-हिरवे रंगद्रव्य इतरांच्या आधी विरते. ॲसिटेटच्या फिल्मवरील जुन्या निगेटिव्हना शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागला की त्या आतून कुजू लागल्या असे समजावे. हा क्षय थांबवणे घरगुती उपायांनी शक्य नाही. तो जेथवर आला आहे तेथील नोंद मात्र घेता येते, आणि ती प्रामाणिकपणे घेणे एवढेच पुष्कळदा आपल्या हाती असते.

चित्राची हुबेहूब प्रत काढण्याची आस आजची नाही. इंदूर आणि बडोदे या दोन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव यांनी १८८४ साली राजा रविवर्म्यांना सुचविले होते की, त्यांनी आपली निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती करवून घ्याव्यात. पुढे १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत घाटकोपर येथे स्वतःचाच छापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला. तेथे एकेका रंगासाठी एकेक दगड तयार करून लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचविण्यात आल्या. दगडावर चित्र उतरविणारा कारागीर आपल्या नजरेने रंगांचे पृथक्करण करीत असे. आज तेच काम काचेखालून सरकणारी संवेदकांची एक अरुंद पट्टी करते. कारागिराची चूक निदान ओळखता तरी येई. यंत्राची चूक साळसूद असते, हाच काय तो फरक.

या यंत्राचा पूर्वज १९५७ सालचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा एक छोटा फोटो फिरत्या नळकांड्यावर लावून गणकयंत्रात उतरविला. त्या चित्रात आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे एकंदर एकतीस हजारांहून थोडे कमी बिंदू होते. पुढे १९६९ साली विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत सीसीडी हा प्रकाशसंवेदक शोधून काढला. या शोधाबद्दल त्यांना २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सपाट काचेच्या उत्तम स्कॅनरचे हृदय आजही हाच संवेदक आहे.

आता विषय प्रत्यक्षात पाहू. समजा, सीमाभागातल्या एखाद्या गावचे जुने मराठी वाचनालय आहे. त्याच्या कपाटात तीन प्रकारचा ठेवा आहे. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, जरा वाकलेले, १० × १२ इंचांचे जुने समूहफोटो. गावच्या एका चित्रकला-शिक्षकाने केलेली ११ × १५ इंचांची जलरंगातील निसर्गचित्रे. आणि निगेटिव्हचा एक डबा. वाचनालयाच्या मंडळाने वर्गणी जमवली आहे आणि मंडळापुढे तीन यंत्रांची पत्रके आहेत. एक स्वस्त आणि पातळ, दुसरे फोटोंसाठी केलेले मध्यम किमतीचे, तिसरे ए-थ्री आकाराचे, व्यावसायिक आणि महाग. प्रत्येक पत्रकावर मोठमोठे आकडे आहेत. मंडळाने निवड कशी करावी?

पहिली गोष्ट यंत्राच्या जातीची. सपाट काचेच्या स्कॅनरच्या मुख्य जाती दोन. सीसीडी जातीच्या यंत्रात काचेखालून दिवा सरकतो, चित्रावरून परतलेला प्रकाश आरशांवरून वळसे घेत एका भिंगातून जातो आणि लहान होऊन संवेदकावर पडतो. सीआयएस जातीच्या यंत्रात भिंगा-आरशांचा हा पसारा नसतो. काचेच्या रुंदीएवढीच संवेदकांची पट्टी काचेला अगदी लागून सरकते, आणि तांबडे, हिरवे व निळे दिवे आळीपाळीने लागतात. म्हणून हे यंत्र पातळ, हलके आणि स्वस्त असते. काचेला सपाट चिकटलेला कागद ते चांगला टिपते. परंतु कागद काचेपासून जरासा उचलला गेला की त्याची नजर धूसर होते. वाकलेल्या पुठ्ठ्यावरचा समूहफोटो त्याच्यापुढे ठेवला तर मधले चेहरे स्पष्ट आणि कडेचे पुसट, किंवा याच्या उलट, अशी गत होते. हे दुकानातच तपासता येते. एक मोजपट्टी काचेवर ठेवून तिच्या एका टोकाखाली दोन नाणी सारावीत आणि स्कॅन करावे. पट्टीवरच्या रेघा कोठपर्यंत वाचता येतात त्यावरून यंत्राच्या नजरेची खोली कळते. या एका परीक्षेतच पहिले, पातळ यंत्र आपल्या वाचनालयापुरते बहुधा बाद होईल.

दुसरी गोष्ट पत्रकावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याची. इंचामागे इतके बिंदू, म्हणजे डीपीआय. ४,८००, ६,४००, ९,६०० असे आकडे तेथे असतात, आणि गिऱ्हाईक त्यांनाच भुलते. हा आकडा बहुधा संवेदकावर किती घरे आहेत व दांडा किती बारीक पावलांनी सरकू शकतो एवढेच सांगतो. भिंगाने त्या घरांवर तितके बारीक चित्र खरोखर पोहोचविले की नाही, हे तो सांगत नाही. वहीत रेघा पुष्कळ आखल्या म्हणजे अक्षर वळणदार येते असे नाही, तसेच हे आहे. काही यंत्रे तर दोन बिंदूंच्या मध्ये अंदाजाने तिसरा बिंदू घालून आकडा आणखी फुगवितात. त्या आकड्याकडे पाहूही नये.

खरे मोजमाप करण्यासाठी अमेरिकन हवाईदलाच्या १९५१ च्या नमुन्याची काचपट्टी वापरतात. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांच्या जोड्या क्रमाक्रमाने बारीक होत गेलेल्या असतात. ६,४०० चा दावा खरा असेल तर मिलिमीटरमध्ये सुमारे १२६ जोड्या सुट्या दिसावयास हव्यात. प्रत्यक्षात ४५ जोड्यांपर्यंतच रेघा सुट्या दिसल्या आणि पुढे सगळा करडा पट्टा झाला, तर यंत्राची खरी शक्ती सुमारे २,३०० ची समजावी. फोटोंसाठी केलेली चांगली सपाट यंत्रेही स्वतंत्र मोजणीत पुष्कळदा याच्या आसपास येतात. ही त्यांची नालस्ती नव्हे. २,३०० हा पुष्कळ मोठा पल्ला आहे. मात्र ६,४०० वर स्कॅन करून संगणक भरून टाकण्यात अर्थ नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

कारण गरज किती आहे तेही पाहिले पाहिजे. कागदावरच्या जुन्या फोटोत ६०० डीपीआयच्या पलीकडे टिपण्यासारखा बारकावा क्वचितच असतो. १० × १२ इंचांचा समूहफोटो ६०० वर घेतला की ४ कोटी ३२ लाख बिंदू मिळतात. तिसऱ्या रांगेतल्या मुलाच्या सदऱ्याचे बटणही त्यांत दिसते. निगेटिव्हची गोष्ट निराळी, कारण ते मुळातच लहान असते. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट ३६ मिलिमीटर लांब. खऱ्या २,३०० च्या शक्तीने ती घेतली तर उत्तम छपाईत सुमारे ११ इंच लांबीचे चित्र होते. त्याहून मोठे हवे असेल तर सपाट काचेचे यंत्र सोडून खास फिल्मचा स्कॅनर पाहावा. पण जुन्या पेटी-कॅमेऱ्याचे सहा सेंटिमीटर चौरस निगेटिव्ह त्याच यंत्राने १६-१७ इंचांपर्यंत सहज वाढते. म्हणजे डब्यात कोणत्या आकाराची निगेटिव्हे आहेत ते आधी मोजावे आणि मग पत्रक वाचावे.

याहूनही मोठी निगेटिव्हे आपल्या इतिहासात आहेत. राजा दीनदयाळ यांनी इंदूरच्या बांधकाम खात्यात आरेखकाची नोकरी करीत असताना कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते हैदराबादेस सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांची काचेवरची अडीच हजारांहून अधिक निगेटिव्हे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. अशा काचपट्ट्या एखाद्या जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर आजही निघतात. त्यांच्यासाठी झाकणातून प्रकाश देणारे यंत्र लागते, आणि तो प्रकाश किती जागेवर पडतो हे विचारावे लागते. उदाहरणार्थ, २०१४ साली बाजारात आलेल्या एप्सन व्ही-८५० या यंत्रात हे क्षेत्र ८ × १० इंचांचे आहे. पुष्कळ स्वस्त यंत्रांत ते केवळ फिल्मच्या अरुंद पट्टीएवढे असते.

तिसरी गोष्ट काळोखाची. चित्राच्या गडद भागातून किती प्रकाश परततो किंवा आरपार जातो ते घनतेच्या अंकाने सांगतात. घनता २ म्हणजे प्रकाशाचा शंभरावा भाग, ३ म्हणजे हजारावा, ४ म्हणजे दहा हजारावा. कागदी फोटोतली सर्वांत काळी जागा २ च्या थोडी पुढे असते, म्हणून तिला साधे यंत्रही पुरते. पारदर्शक रंगीत स्लाइडची काळी जागा साडेतीनच्याही पलीकडे जाते, आणि तेथे स्वस्त यंत्र चाचपडू लागते. पत्रकावर ४.० लिहिलेले असले तरी तो अंक पुष्कळदा गणिताने काढलेला असतो. परीक्षा सोपी आहे. काळा कोट घातलेल्या माणसाचा फोटो किंवा गडद स्लाइड स्कॅन करावी, पडद्यावर उजळ करून पाहावी. कोटाच्या घड्या दिसल्या तर यंत्र पाहते आहे. रंगीत वाळूसारखे कण दिसले तर ते नुसते अंदाज करते आहे. काळ्या भागाशेजारी पांढराशुभ्र भाग असेल तर त्याचे तेज काळ्यात सांडून धुके पसरते, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

याच संदर्भात छटांच्या पायऱ्यांचा विचार येतो. प्रत्येक मूळ रंगाला ८ बिट दिले तर २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिट दिले तर ६५,५३६. नुसते पाहण्यासाठी २५६ पुरेशा आहेत. परंतु विटलेल्या फोटोच्या छटा पुढे ताणून सुधारावयाच्या असतील तर २५६ पायऱ्यांचा जिना मध्येच तुटतो, आणि आकाशात पट्टे उमटतात. म्हणून जतनासाठी मूळ प्रत १६ बिटांची, टिफ स्वरूपात ठेवावी. तो समूहफोटो अशा रीतीने रंगीत घेतला तर सुमारे २६० मेगाबाइट जागा घेईल. जेपेगची प्रत लहान होते, पण ती होताना चित्रातली काही माहिती कायमची टाकून दिली जाते. ती पाहुण्यांना पाठविण्यासाठी ठीक. दप्तरी ठेवण्यासाठी नव्हे.

चौथी गोष्ट रंगांची, आणि कलाकृतीच्या दृष्टीने हीच सर्वांत नाजूक. स्कॅनरचे तीन रंगांचे डोळे माणसाच्या डोळ्यांसारखे नसतात. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन निळ्या छटा यंत्राला निरनिराळ्या दिसतात, तर कधी एखादी निळी छटा जांभळट उतरते. जलरंगातला पहाटेच्या धुक्याचा अगदी फिका हात पुष्कळ यंत्रे कागदाच्या पांढऱ्यात बुडवून टाकतात. यावर उपाय म्हणजे आयटी-८ नावाचा रंगनमुना. त्यावरच्या प्रत्येक चौकटीचे रंग आधी मोजून नोंदलेले असतात. तो स्कॅन करून यंत्राने काय पाहिले आणि खरे काय होते यांतला फरक काढतात. त्या फरकाची नोंद म्हणजे यंत्राची रंगपत्रिका. चष्म्याचा नंबर काढावा तसाच हा प्रकार. रंगांतील अंतर मोजण्याचे एकक डेल्टा-ई आहे. एकाच्या आसपासचे अंतर सरावलेल्या नजरेलाही जेमतेम कळते. पाच-सहाचे अंतर शेजारी ठेवून पाहणाऱ्या कोणालाही खटकते. यंत्रासोबत असा नमुना आणि ही पत्रिका करणारी आज्ञावली मिळते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

गोव्याच्या सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. शांतिनिकेतनात शिकून त्यांनी पुढे पुण्यास वास्तव्य केले आणि १९६७ साली त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्तजन्माचे प्रसंग त्यांनी भारतीय वेषात रंगविले. त्यांची मरियामाता साडी नेसलेली आहे. कागदावरील जलरंग हे त्यांचे आवडते माध्यम. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. अशा चित्रात साडीचा गेरूरंग विटकरी झाला किंवा चेहऱ्याचा सावळेपणा यंत्राच्या उत्साहाने उजळला, तर ती केवळ तांत्रिक चूक राहत नाही. चित्रकाराने जाणूनबुजून दिलेले उत्तरच त्यात पुसले जाते. चित्रकार बोलावयास नसतो. त्याच्या वतीने प्रतीने बोलावयाचे असते.

पाचवी गोष्ट उजेडाच्या दिशेची. पुष्कळ स्कॅनरांत प्रकाश एकाच बाजूने येतो. खरखरीत जलरंग-कागदावर त्यामुळे बारीक सावल्या पडतात आणि कागदाचा पोत वाजवीपेक्षा ठसठशीत दिसतो. चित्र एकदा सरळ आणि एकदा आडवे ठेवून दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. पोत बदललेला दिसला तर दोष कळला. जुन्या रंगीत छापील देवादिकांच्या चित्रांवर पुष्कळदा वार्निश दिलेले असते व कापडाचा पोत दाबून उठविलेला असतो. तेथे हा दोष चमकेच्या रूपाने प्रकट होतो. एक कोरा करडा कागद स्कॅन करून, त्याचा विरोध वाढवून, चारही कोपरे सारखे उजळ आहेत की नाहीत तेही पाहावे. बारीक काळ्या रेघांच्या कडांना तांबड्या-निळ्या किनारी दिसल्या तर दांडा थरथरत सरकतो असे समजावे. मारिओ मिरांडा यांच्यासारख्या चित्रकारांचे काळ्या शाईचे रेखाटन ज्याला जपावयाचे असेल त्याने ही परीक्षा टाळू नये.

सहावी गोष्ट धुळीची. काही यंत्रांत अवरक्त किरणांनी धूळ व ओरखडे ओळखून ते आपोआप पुसण्याची सोय असते. रंगीत निगेटिव्हवर ती फार उपयोगी पडते. परंतु जुन्या कृष्णधवल निगेटिव्हवर ती वापरू नये. कारण त्यातले चित्र चांदीच्या कणांचे असते, चांदी अवरक्त किरण अडविते, आणि यंत्राला चित्रच धूळ वाटू लागते. तेथे मऊ कुंचला, हवेचा रबरी फुगा आणि धीर हीच साधने खरी. काच पुसताना द्राव काचेवर फवारू नये, कापडाला लावून मग पुसावे. कडेने आत शिरलेला ओलावा पुढे बुरशी होऊन बसतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात तर यंत्र वापरून झाले की झाकून ठेवणे अगत्याचे. ओलसर फोटो काचेवर दाबून ठेवला तर तो काचेलाच चिकटतो, हेही विसरू नये.

राहिला आकाराचा प्रश्न. आपल्या वाचनालयाचे समूहफोटो आणि जलरंगचित्रे ए-फोर काचेवर मावत नाहीत. दोन-तीन तुकड्यांत घेऊन संगणकावर जोडता येतात. पण कोपऱ्यांत उजेड कमी असेल तर जोड दिसतो, आणि जुना पुठ्ठा दर वेळी उलटापालटा करण्यात त्याचे कोपरे झडतात. एप्सन १२०००-एक्सएल या ए-थ्री यंत्राची काच ३१० × ४३७ मिलिमीटरची आहे; तिच्यावर ही दोन्ही मावतात. त्याच्या पत्रकावर २,४०० डीपीआय असा तुलनेने लहान आकडा आहे, म्हणून कोणी त्याला कमी लेखू नये. मोठ्या कागदी चित्रांना ६०० पुरत असताना २,४०० अपुरे पडण्याचे कारण नाही. तेव्हा निर्णयाचा मार्ग असा. ठेव्यातले बहुतेक नग ए-फोरहून मोठे असतील तर ए-थ्री यंत्रच घ्यावे. बहुतेक लहान फोटो आणि निगेटिव्हे असतील तर मधले यंत्र घ्यावे, आणि मोजक्या मोठ्या नगांसाठी, उभ्या दांड्यावर कॅमेरा बसवून दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश देणाऱ्या छायाचित्रकाराची मदत घ्यावी. पैसा वाचला तर तो प्रती साठविण्याच्या दुसऱ्या तबकडीवर खर्चावा.

काही वस्तू तर कोणत्याही स्कॅनरच्या काचेवर ठेवूच नयेत. तैलचित्रे, खडूने किंवा कोळशाने काढलेली चित्रे, रंगाचे पापुद्रे सुटू लागलेली चित्रे, आणि पाठीवर उघडे दाबले तर शिवण तुटेल अशी जुनी बाडे. यांना वरूनच कॅमेऱ्याने टिपावे. यथार्थ प्रतीसाठी मूळ वस्तू मोडणे ही भक्ती नव्हे.

आणखी एक व्यवहाराची बाब. चांगले यंत्र दहा-पंधरा वर्षे चालते, पण संगणक त्याआधी बदलतो आणि कारखानदार जुन्या यंत्राची आज्ञावली नव्या संगणकासाठी करून देतोच असे नाही. मग धडधाकट यंत्र निरुपयोगी होऊन कोपऱ्यात पडते. व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट यांसारख्या स्वतंत्र आज्ञावल्या अशा वेळी तारून नेतात. आपले यंत्र त्यांच्या यादीत आहे की नाही ते घेण्याआधी पाहावे. व्यावसायिक पारखीसाठी अमेरिकेतील सरकारी संस्थांची फॅडजी मार्गदर्शिका, नेदरलँड्सची मेटामोर्फोझे आणि आंतरराष्ट्रीय मानक १९२६४ असे दंडक आहेत. त्यांचे विशेष असे की, ते पत्रकावरचे दावे विचारीत नाहीत. हाती आलेली प्रत मोजतात. लहान वाचनालयाने तेवढे धोरण उचलले तरी पुरे. आपलाच फोटो, आपलेच जलरंगचित्र आणि आपलेच निगेटिव्ह घेऊन दुकानात जावे, सर्व ‘सुधारणा’ बंद ठेवून तिन्ही यंत्रांवर स्कॅन करावे, आणि मूळ वस्तू शेजारी ठेवून पाहावे.

‘सुधारणा’ बंद ठेवण्यावर एवढा भर का? कारण यंत्राला गोडबोलेपणाची सवय असते. ते रंग भडक करते, कडा धारदार करते, डाग पुसते. जतनाची पहिली प्रत जशीच्या तशी असावी, डागांसकट, सुरकुत्यांसकट. फोटोच्या कोपऱ्यावरचा कुंकवाचा डाग हाही त्या घराचा इतिहास असतो. सुंदर प्रत हवी असेल तर ती दुसरी करावी, आणि ती सुंदर केलेली आहे असे तिच्यावर लिहावे. चांगल्या यंत्राचीही प्रत मूळ वस्तूची जागा घेत नाही. ती मूळ वस्तूला विश्रांती देते एवढेच. स्कॅन झालेला फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून पुन्हा कोरड्या जागी ठेवावा. टाकून देऊ नये.

आणि शेवटची गोष्ट कोणत्याही यंत्राला जमणारी नाही. समूहफोटोत तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा कोण, हे संवेदकाला कळत नाही. ते गावातल्या एखाद्या वृद्ध माणसाला कळते, आणि त्याचीही आठवण फोटोसारखीच पुसट होत चाललेली असते. म्हणून वाचनालयाने यंत्र विकत घेण्यापूर्वीच एक वही घ्यावी, समूहफोटो घेऊन त्या वृद्धाच्या ओसरीवर जावे, आणि नावे लिहून घ्यावीत. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल.